ब्रिटिश विनोदी मालिका: खरंच भारी, की आपणच उगाच डोक्यावर घेतल्यात?

मधलीआळी

काल रात्री जेवणं झाल्यावर घरात भांडण झालं आणि त्याला कारण जॉन क्लीज. मी त्याच्या फॉल्टी टॉवर्स या जुन्या मालिकेचा गुरमे नाइटवाला भाग लावला होता (कितव्यांदा ते विचारू नका), तर चिरंजीव, वय १९, इंजिनिअरिंग, जगातलं सगळं ज्ञान प्राप्त, मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणतात, "बाबा हा माणूस नुसता ओरडतो, यात जोक कुठाय?"

आता ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सीन सांगतो. बेसिल फॉल्टीने (म्हणजे क्लीजने) आपल्या हॉटेलात बड्या लोकांसाठी खास जेवण ठेवलंय, ऐऱ्यागैऱ्यांनी येऊ नये असं जाहिरातीतच छापलंय, आणि ऐन वेळी आचारी पिऊन आडवा. मग हा मित्राच्या हॉटेलातून बदक आणायला गाडी घेऊन पळतो. येताना गाडी बंद पडते. इथे दुसरा कुठलाही नट टायरला लाथ मारून मोकळा झाला असता. बेसिल आधी गाडीला समज देतो, मग एक दोन तीन मोजतो, मग 'आता बघच तू' अशा थाटात तिथून निघून जातो. पडद्यावर काही सेकंद नुसती गाडी. आणि मग हा झाडाची एक फांदी घेऊन येतो आणि गाडीला बदडून काढतो. ती फांदी पण अशी लवचिक, धड लागत पण नाही. आमचे काका चेतक सुरू होईना की तिला आडवी करून पुन्हा उभी करायचे आणि वर चार शिव्या हासडायचे, मला दर वेळी तेच आठवतात.

तर माझं म्हणणं असं की ब्रिटिश मालिकांची खरी ताकद म्हणजे त्यांचा माणूस शेवटपर्यंत हरलेलाच राहतो. कोणी त्याला मिठी मारत नाही, पार्श्वभूमीला हळवं म्युझिक नाही, कोणी काही शिकत नाही. आणि कुठे थांबायचं ते कळतं, फॉल्टी टॉवर्स १९७५ ला सहा भाग, १९७९ ला सहा भाग, एकूण १२. संपलं. आपल्याकडे बारा भागांत लग्नाची हळद पण लागत नाही.

पण मुलाच्या बोलण्याने किडा सोडलाय डोक्यात. हे खरंच चांगलं आहे का आम्ही त्या वयात बघितलं म्हणून? बोला.

टवाळ_कार्टं

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसतो.

सुपारीफुटली

काका मी तुमच्या मुलाच्या पार्टीत. 🙋 'हरलेलाच राहतो' हे गुण म्हणून सांगताय पण बघायला किती दमवतं ते! मी अमेरिकन 'ऑफिस' ही मालिका तीन वेळा बघितलीय, सगळे म्हणाले की ओरिजिनल बघ ओरिजिनल बघ म्हणून ब्रिटिश ऑफिस लावलं तर दुसऱ्याच भागात मला उशी तोंडावर घ्यावी लागली. त्यातला मॅनेजर डेव्हिड ब्रेंट बोलायला लागला की वाटतं जमीन दुभंगावी आणि तो नाही तर मी तरी आत जावं. अमेरिकनमधला मॅनेजर मायकल स्कॉट पण येडाच आहे पण त्याला त्याच्या माणसांबद्दल माया आहे ना. शिवाय अमेरिकन २०१ भाग आहेत, माणसं घरची होऊन जातात, ब्रिटिश १४ भागात संपतं, ओळख होईस्तोवर टाटा बायबाय.

ओलीभेळ

@सुपारीफुटली, जमीन दुभंगावी असं वाटणं हाच तर पॉइंट आहे गं!

मी इंग्लंडात स्लॉपासून (ब्रिटिश ऑफिस जिथे घडतं ते गाव) ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांवर राहते आणि आमचं पहिलं ऑफिस स्लॉमध्येच होतं. (मालिकेच्या सुरुवातीला जे राखाडी बस स्टेशन दिसतं ते आता पाडलं.) अमेरिकन ऑफिसात सगळे जण थोडे जास्तच मजेशीर आहेत, म्हणजे एका खोलीत एवढे नमुने कुठून सापडले असं वाटतं. ब्रिटिशमध्ये मागे बसलेली माणसं खरोखर नुसती टाइप करत असतात. कोणी बोलत नाही. प्रिंटरचा आवाज येतो. मॅनेजर जोक मारतो आणि कोणीच हसत नाही आणि कॅमेरा हलत नाही. २००१ सालची आहे पण आमच्या ऑफिसात मागच्या आठवड्यात एक्झॅक्टली हेच झालं, साहेबांनी वाढदिवसाच्या केकसमोर भाषण केलं, मी माझ्या बुटांकडे बघत होते.

शिवाय भाग कमी का असतात त्याला कारण आहे. तिकडे बहुतेक वेळा एक किंवा दोघं मिळून सगळं लिहितात, ऑफिसचे जर्वेस आणि मर्चंट, किंवा फॉल्टी टॉवर्सचे क्लीज आणि कॉनी बूथ. अमेरिकेत लेखकांची अख्खी खोली असते, वर्षाला वीस-बावीस भाग काढायचे असतात. दोन माणसं सहाच्या वर काढू शकत नाहीत, काढले तर पातळ होतात. आमटी आहे ती, पाहुणे वाढले म्हणून पाणी किती घालणार.

मधलीआळी

@ओलीभेळ +१. आणि कॉनी बूथचं नाव घेतलंत म्हणून बरं वाटलं, लोक सगळं श्रेय क्लीजला देतात. पॉली वेट्रेस झालेली तीच. दुसरे सहा भाग यायच्या आधी दोघांचा घटस्फोट झाला होता, तरी एकत्र बसून लिहिलं. नवरा-बायकोच्या वैतागाचे ते संवाद त्याशिवाय एवढे धारदार झाले नसते असं आपलं माझं मत.

कारकून_क्र_३

बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज राहवत नाही.

मंडळी, आपण हॉटेल आणि ऑफिस करत बसला आहात, पण येस मिनिस्टर? माझी नोकरी सरकारी खात्यात, ३३ वर्षे. लिपिक म्हणून लागलो आणि बऱ्यापैकी वर जाऊन निवृत्त झालो. लोकांना ती मालिका विनोदी वाटते, मला ती सेवाप्रवेशोत्तर प्रशिक्षणाची फिल्म वाटते.

त्यातला दवाखान्याचा भाग आठवा. नवंकोरं इस्पितळ, पाचशेवर कर्मचारी, एकही पेशंट नाही. मंत्री विचारतो हे काय, तर सगळे त्याला समजावतात की साहेब हे देशातलं सर्वांत उत्तम चाललेलं इस्पितळ आहे, स्वच्छतेच्या पारितोषिकासाठी नाव आहे. आता माझं ऐका. आमच्याकडे एक शाखा होती, ज्या कामासाठी काढली ते काम संपून अकरा वर्षे झाली होती. हजेरीपट चालू, स्टेशनरीची मागणी चालू, शिपायाचा चहा चालू. मी स्वतः दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत त्या शाखेचा निरंक अहवाल टाइप करून वर पाठवायचो. एका महिन्यात पाठवायचा राहिला तर मला मेमो आला, निरंक अहवाल विहित मुदतीत का सादर केला नाही म्हणून. मेमोला उत्तर दिलं. त्या उत्तराची पोच आली. मालिकेतल्या सचिवाला, सर हंफ्रेला, हे दाखवलं असतं तर त्याने मला जवळ बसवून घेतलं असतं.

आणि त्याची ती लांबच लांब वाक्यं, लोक म्हणतात मराठीत जमणार नाही. का नाही जमणार? आपल्याला काय कमी आहे:

"विश्रामगृहातील गिझर नादुरुस्त असल्याची बाब तत्त्वतः मान्य असून, तथापि उक्त नादुरुस्ती ही 'नादुरुस्ती' या संज्ञेच्या व्याप्तीत येते किंवा कसे, याबाबत सक्षम प्राधिकाऱ्यांचे अभिप्राय अद्याप अप्राप्त असल्याने, प्रस्तुत प्रकरणी उचित कार्यवाही करण्याची कार्यवाही विचाराधीन असल्याची बाब आपणांस अवगत करण्यात येत आहे."

म्हणजे काय, तर गार पाण्याने आंघोळ करा.

टवाळ_कार्टं

कारकूनकाका ___/\___ हहपुवा!! 'कार्यवाही करण्याची कार्यवाही' 😂😂 हे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला फॉरवर्ड करतोय.

पावशेर

कारकूनसाहेब प्रतिसाद आवडला पण एक शंका. येस मिनिस्टर जर इतकं आपल्यासारखं आहे तर त्याची हिंदी आवृत्ती का नाही चालली? जी मंत्रीजी, २००१, स्टार प्लसवर. फारुख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. दोघेही कसले नट! पण आज कोणाला आठवत पण नाही. मला आठवतंय कारण आमच्याकडे एकच टीव्ही होता आणि बाबांच्या हातात रिमोट.

कारकून_क्र_३

@पावशेर, चांगला प्रश्न आहे, माझं अनुभवाने बनलेलं मत सांगतो.

मूळ मालिकेचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे, मंत्री येतात आणि जातात, सर हंफ्रे जागचा हलत नाही. तो पर्मनंट सेक्रेटरी. मंत्री हॅकरला तो कितीही नकोसा झाला तरी त्याची उचलबांगडी करणं त्याच्या हातात नाही, म्हणून बिचाऱ्याला डोकं चालवावं लागतं, म्हणून विनोद. आपल्याकडे सचिव जास्त शहाणपणा करायला लागला तर मंत्री काय करेल? संध्याकाळी बदलीची ऑर्डर. भाग सात मिनिटांत संपला. आपला सचिव लढतो तो वेगळ्या पद्धतीने, फाइल खाली जाते, त्रुटी काढून परत येते, पुन्हा खाली जाते, तोवर मंत्रिमंडळाचा विस्तार होतो. हिंदीवाल्यांनी मूळच्याच गोष्टी घेतल्या, फक्त नावं आणि कपडे बदलले. शेरवानी शिवली पण माप साहेबाचं.

बाकी मूळ मालिका कितीही वेळा बघा. १९८० ते ८८, ही आणि पुढची येस प्राइम मिनिस्टर दोन्ही मिळून ३८ भाग, आणि गंमत म्हणजे खुद्द पंतप्रधान थॅचरबाईंची आवडती, १९८४ मध्ये त्यांनी त्या नटांबरोबर स्टेजवर एक प्रवेश पण केला होता. जिच्या सरकारची टिंगल तीच टाळ्या वाजवते, हे मात्र आपल्याकडे अवघड आहे.

सुपारीफुटली

बाई तर! थॅचरने स्वतः ॲक्टिंग केली?? हे माहीत नव्हतं. ओके येस मिनिस्टर लिस्टमध्ये टाकते. पण ऑफिसचं मत बदललेलं नाही हां.

कुंदाताई

मी यातल्या राजकारणाच्या मालिका बघत नाही, झोप येते. पण माझी एक आवडती आहे आणि तुम्ही कोणीच नाव घेतलं नाही, कीपिंग अप अपिअरन्सेस. ती हायसिंथ बाई. आडनाव बकेट, म्हणजे बादली, आणि ती सगळ्यांना ठासून सांगते की त्याचा उच्चार 'बुके' असा करायचा! फोन उचलला की आधी घराण्याची ओळख. आणि तिच्या सख्ख्या बहिणीच्या घरी अंगणात मोडकी गाडी, त्यात कुत्रा, मेव्हणा बनियनवर बिअर पीत टीव्ही बघतोय. पाहुण्यांना ते दिसू नये म्हणून तिचा सगळा आटापिटा.

मला तिच्या शेजारणीची, एलिझाबेथची, सगळ्यात दया येते. ती हायसिंथकडे कॉफी प्यायला आली की तिच्या हातातला कप थरथरायलाच लागतो. एरवी स्वतःच्या घरी व्यवस्थित पिते, इथे हायसिंथ टक लावून बघत असते ना की माझी नक्षीची कपबशी फोडतेय का काय. मी हे जगलेय हो. आमच्या मोठ्या चुलत सासूबाईंकडे लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी काचेच्या कपाटातून बोन चायनाचा सेट काढला आणि मला म्हणाल्या, "घे गं, बिनधास्त धर, यांनी जपानहून आणलाय, आता मिळत नाही." पुढे तो चहा मी कसा प्यायले ते माझं मला माहीत. बशीत कप असा वाजत होता जसं काही एसटी चाललीय. सासरे म्हणाले ताप आहे का हिला.

नंतर वीस वर्षांनी ती मालिका बघितली आणि रडेपर्यंत हसले. विनोद परका असेल पण ती बाई आपलीच आहे.

मधलीआळी

कुंदाताई हा प्रतिसाद फ्रेम करून लावायचा आहे. एसटी!! 😂

टवाळ_कार्टं

आता माझी बारी. माइंड युवर लँग्वेज. बास. विषय संपला. रणजीत सिंग, अली, जमिला, जपानी तारो, इटालियन जिओवानी, सगळे एका वर्गात इंग्रजी शिकतायत आणि सरांची वाट लावतायत. आम्ही होस्टेलला एका पीसीवर अठरा जण बघायचो, पेन ड्राइव्हमध्ये २९ च्या २९ भाग, प्रिंट भयानक. 'थाउजंड अपॉलॉजीज' हा आमचा चार वर्षांचा तकियाकलाम. ज्याला हे आवडत नाही त्याचं माझं जमणार नाही.

पिवळा_डबा

मग आपलं जमणार नाही. 🙂

मला ती मालिका बघताना अवघडल्यासारखं होतं. जपानी म्हणजे वाकून वाकून नमस्कार, चिनी बाई म्हणजे हातात माओचं लाल पुस्तक, फ्रेंच मुलगी म्हणजे नखरे, शीख आणि मुसलमान एकत्र आले की भांडण. प्रत्येक माणसाला एकच बटण, दाबलं की तोच आवाज. आणि हे मी आजच्या चष्म्यातून बोलत नाहीये, १९७९ मध्येच वाहिनीच्या बड्या साहेबांना, मायकल ग्रेड यांना, ते आक्षेपार्ह वाटलं आणि चालू मालिका बंद केली. नंतर १९८६ मध्ये पुन्हा काढली ते वेगळं. फॉल्टी टॉवर्समध्ये पण स्पॅनिश वेटर मॅन्युएलच्या भाषेवर जोक आहेत, पण तिथे मूर्ख कोण ठरतं? बेसिल. त्याला स्वस्तातला माणूस हवा होता आणि आपल्याला स्पॅनिश येतं असा माज आहे, येत काहीच नाही.

टवाळ_कार्टं

अरे यार कैच्याकै. आपल्यालाच राग नाही आला तर तुम्ही कशाला आपल्या वतीने रागावताय. भारतात, पाकिस्तानात, श्रीलंकेत लोक अजून बघतायत. त्यावरून आपल्याकडे जबान संभालके पण निघाली, पंकज कपूर, तीही हिट. त्यात तर वर्गात आपणच आपल्याला हसत होतो. मद्राशी, सरदार, गुजराती सगळे.

आणि मॅन्युएलचं म्हणाल तर स्पेनमध्ये दाखवताना त्याला इटालियन केला होता, म्हणजे त्यांना पण टोचलंच की!

पिवळा_डबा

ते स्पेनचं बरोबर आहे, मान्य. 😄 पण 'आपल्याला राग येत नाही' याचं कारण मला वाटतं आपण तो वर्ग बाहेरून बघतो. तिथे त्या काळात शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना दुसऱ्या दिवशी वर्गात तोच आवाज काढून चिडवत असतील, त्यांना विचारा.

ओलीभेळ

@पिवळा_डबा याला दुजोरा. आमच्या शेजारच्या गुजराती आंटी १९७२ ला युगांडातून इथे आल्या, त्यांना मी एकदा ही मालिका लावू का विचारलं तर म्हणाल्या, नको, त्यापेक्षा गुडनेस ग्रेशस मी लाव.

आणि ती बघितली नसेल तर बघाच! १९९८ ला बीबीसी टू वर आली, आधी रेडिओवर होती. इथल्या देशी मुलांनीच काढलेली, मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घिर आणि आपल्या मुंबईत जन्मलेली नीना वाडिया. त्यातलं एक नाटुकलं आहे, मुंबईतली मित्रमंडळी शुक्रवारी रात्री लस्सी ढोसून 'इंग्लिश' खायला जातात. जसे इथले गोरे बिअर पिऊन 'इंडियन' खायला जातात तसे. वेटर गोरा, त्याच्या नावाची वाट लावतात. आणि मेन्यू बघून एक जण विचारतो, सगळ्यात बेचव काय आहे तुमच्याकडे? इथे गोरी पोरं फुशारकी मारायला सगळ्यात तिखट मागवतात ना, त्याचं उलटं. वर ढीगभर चिप्स. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा इथे येऊन आठ महिने झाले होते, ऑफिसच्या लोकांनी मला करी हाउसला नेऊन 'हे तर तुझ्या घरचंच जेवण' म्हणून जे काही समोर ठेवलं होतं ते आठवून मी एकटी घरात हसत सुटले. माइंड युवर लँग्वेजला वीस वर्षांनी दिलेलं उत्तर आहे ते, आणि न चिडता दिलेलं.

पोदेर

देव बरें करूं. गोव्यातून लिहितोय, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कळंगुटला एका लहान हॉटेलात सात सीझन रिसेप्शनला होतो. तेव्हा चार्टरने ब्रिटिश म्हातारे-म्हाताऱ्या यायच्या, तेच ते लोक दर वर्षी, त्याच खोल्या मागायचे. आमचा मॅनेजर उंच, बारीक, मिशीवाला आणि सारखा तडतडणारा. गिऱ्हाईक समोर आलं की चेहरा गोड, वळलं की वेटरवर खेकसायचा. तर हे म्हातारे त्याला मागून 'बेसिल' म्हणायचे आणि खो खो हसायचे. आम्हाला काय कळेना, मॅनेजरचं नाव तर दुसरंच. एका आजीने पुढच्या वर्षी येताना मला सीडी आणून दिली आणि म्हणाली घरी बघ, ड्युटीवर नको. बघितली. दुसऱ्या दिवसापासून मला त्या मॅनेजरसमोर उभं राहणं कठीण झालं, तो रागावला की मला ती गाडी आणि फांदी दिसायची.

पण मला एक सांगायचंय. त्या लोकांना बेसिलचा राग नव्हता. त्यांच्या मते असा एक माणूस प्रत्येक गावातल्या हॉटेलात असतो. आणि नंतर कळलं की खरोखरच होता, १९७० मध्ये मॉन्टी पायथन या क्लीजच्या विनोदी ग्रुपची मंडळी इंग्लंडातल्या टॉर्कीला ज्या हॉटेलात उतरली तिथला मालक असाच. एकाला जेवणाच्या टेबलावर काटा-सुरी धरण्यावरून बोलला, दुसऱ्याची बॅग बाँब असेल म्हणून कुंपणाच्या भिंतीपलीकडे नेऊन ठेवली. बाकीचे वैतागून दुसरीकडे गेले, क्लीज तिथेच राहिला. माणूस बघत बसला असणार. मी पण तसाच बघत बसायला हवं होतं, मी नोकरी सोडली.

पावशेर

क्या बात! 'क्लीज तिथेच राहिला' 👌 बाकी सगळे गिऱ्हाईक, तो एकटा लेखक.

भगूरकर

धागा आजच बघितला आणि कोणीच हा मुद्दा काढला नाही म्हणून लॉगिन केलं. मंडळी, एक ब्रिटिश मालिका आपल्या नाशिक जिल्ह्यात घडते!! इट एन्ट हाफ हॉट मम. १९७४ ते ८१, तब्बल ५६ भाग. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी देवळालीच्या लष्करी छावणीत तोफखान्याची एक नाटकमंडळी आहे, बायकांचे कपडे घालून नाचगाणी करते, आणि सार्जंट मेजर त्यांना लढाईवर धाडायला टपलेला. लिहिणाऱ्यांपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीच्या तोफखान्याच्या नाटकमंडळीत होता, म्हणजे ऐकीव नाही. अर्थात शूटिंग सगळं इंग्लंडात, आपला देवळाली कॅम्प म्हणून जे दाखवलंय ते बघून मी आईला म्हटलं हे बघ आपलं गाव, तर ती म्हणाली "एवढं हिरवं? आणि धूळ कुठाय?"

इंग्रजीत वेड लागणे याला 'डूलॅली' म्हणतात तो शब्द आपल्या देवळालीवरूनच. परतीच्या बोटीची वाट बघत गोरे सैनिक तिथे महिनोन्महिने पडून असायचे, काम नाही, ऊन, मलेरिया, दारू. हळूहळू सरकायची. पूर्ण शब्द 'डूलॅली टॅप', त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. आम्ही शाळेत असताना कोणी फार शहाणपणा केला की मास्तर म्हणायचे ठाण्याला पाठवा, तिकडे विलायतेत लोक देवळालीला पाठवत होते.

आता वादाचं. त्यात रंगीराम नावाचा भारतीय बेअरर आहे, तो गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केलाय, मायकल बेट्स. यामुळे बीबीसी ती मालिका हल्ली दाखवत नाही. पण हा बेट्स जन्मला झाशीला आणि हिंदुस्थानी फाडफाड बोलायचा. त्याच्या तोंडची हिंदी बाकीच्या कोणापेक्षाही खरी वाटते. मग काय म्हणायचं? मला स्वतःला राग येत नाही, पण आवडतं असंही छातीठोक म्हणवत नाही. रंगीराम सतत 'आम्ही ब्रिटिश' म्हणत असतो, साहेबापेक्षा मोठा साहेब. आमच्या आजोबांनी छावणीत दूध घातलं आयुष्यभर, ते सांगायचे अशी माणसं खरंच होती.

पिवळा_डबा

@भगूरकर वाचनखूण साठवली. हे 'राग येत नाही पण आवडतं म्हणवत नाही' अगदी मनातलं. रंगवलेला चेहरा मला चालणार नाहीच, पण ते 'आम्ही ब्रिटिश' ऐकून हसूही आलं असतं. यावर टवाळ काय म्हणतो बघू.

टवाळ_कार्टं

टवाळ म्हणतो की देवळालीचा ताप टवाळला पण चढलाय, सकाळपासून हा धागाच वाचतोय, काम शून्य. निरंक अहवाल. 😄

मधलीआळी

वेडावरून आठवलं, ब्लॅकॲडरचं नाव कसं काय निघालं नाही? चौथी मालिका, पहिल्या महायुद्धातले खंदक. शेवटच्या भागात ब्लॅकॲडर लढाईतून सुटायला वेड्याचं सोंग करतो, डोक्यावर चड्डी आणि दोन्ही नाकपुड्यांत पेन्सिली, पण जनरलला ही क्लृप्ती आधीपासूनच ठाऊक निघते. मग जायची वेळ येते. त्याचा बावळट शिपाई बाल्ड्रिक नेहमीसारखं म्हणतो माझ्याकडे एक युक्ती आहे. आणि ब्लॅकॲडर, ज्याने चार मालिका त्याला चेचलंय, पहिल्यांदा त्याचा अपमान करत नाही, म्हणतो माझ्या वेड्याच्या सोंगापेक्षा बरीच असेल, नाहीतरी इथे आणखी एक वेडा कोणाच्या लक्षात आला असता. आणि सगळे शिडीवरून वर चढून जातात. तो शेवटचा धावायचा शॉट म्हणे जेमतेम काही सेकंदांचा आणि फसलेला होता, म्हणून तो संथ केला आणि त्यातून पॉपीच्या फुलांचं शेत निघालं. नोव्हेंबर १९८९. मी तो भाग मुलाबरोबर बघायचं धाडस अजून केलेलं नाही.

सुपारीफुटली

थांबा थांबा, म्हणजे तुमचा पहिल्या पोस्टमधला मुद्दा तुम्हीच उडवला ना काका! 'हळवं काही नाही, कोणी मिठी मारत नाही' म्हणालात, आणि आता हे?

मधलीआळी

मिठी कुठे मारतात? फक्त एकदा अपमान करत नाही. तेवढ्यावर भागवतात ते लोक.

पण बरोबर आहे तुझं, थोडा पचका झाला माझा.

कुंदाताई

सुपारी, तू अमेरिकन ऑफिस बघते तशी एकदा ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस बघ, तुला चालेल, घरातली माणसं आहेत, माया आहे. त्यातला झुंबराचा भाग लाव. दोघं भाऊ शिडीवर चढून झुंबराखाली चादर धरून उभे, आजोबा वरच्या मजल्यावर जमिनीतला बोल्ट काढतायत. सगळ्यांचं लक्ष त्या चादरीवर. आणि धाडकन पडतं ते मागचं, दुसरंच झुंबर! लेखकाच्या वडिलांच्या कामावर खरंच असं झालं होतं. तो म्हणे वडिलांना हसला तर ते चिडले, माणसांच्या नोकऱ्या गेल्या त्यात हसण्यासारखं काय म्हणून.

सुपारीफुटली

आत्ताच बघितला. फुटले!!! चहा नाकातून. त्या दोघांचे चेहरे, चादर तशीच हातात, हलत पण नाहीत. ओके. ब्रिटिश १, उशी ०.

भगूरकर

उद्या देवळाली स्टेशनला जातोय पाहुण्यांना सोडायला, पिवळ्या पाटीचा फोटो काढून इथे टाकतो, 'डूलॅली' जंक्शन म्हणून.

भगूरकर

काढला फोटो. अपलोड होत नाहीये, साइझ जास्त सांगतंय. कोणी सांगेल का कसं करायचं?

कारकून_क्र_३

आपली अडचण तत्त्वतः मान्य आहे.